दुरावलेली मुलं आणि आपली मंडळी

संपादक महोदय,
सप्रेम सलाम.

नाताळच्या रात्री आमच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. जानेवारी उजाडला की मागचे बाक पुन्हा रिकामे. पंचविशी-तिशीतली मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत हे खरं. पण तिथेही ती उपासनेला जात नाहीत, हे आम्हा आयांना ठाऊक आहे.

माझा मुलगा त्यांतलाच. वय २९. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, बायबलमधलं स्तोत्र २३ एका दमात म्हणून दाखवायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्याचे वडील गेले. अठरा दिवस आम्ही प्रार्थना करत होतो. माती देऊन परतताना चर्चच्या मंडळीतले एक जाणते गृहस्थ त्याला म्हणाले, "विश्वास कमी पडला, बाळा." त्या दिवसापासून तो चर्चची पायरी चढलेला नाही.

मीही चुकले. रोज सकाळी त्याला व्हॉट्सॲपवर बायबलचं वचन पाठवायचे. फोनवर पहिला प्रश्न, "रविवारी गेला होतास का?" एकदा तो हळूच म्हणाला, "आई, मी जेवलो का, हे तू हल्ली विचारतच नाहीस."

त्या रात्री मी योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय काढला. येशू मरणातून उठला यावर त्याचा शिष्य थोमाने विश्वास ठेवायला साफ नकार दिला होता, तरी आठ दिवसांनंतर तो शिष्यांमध्येच बसलेला होता. त्याला कुणी घालवून दिलं नव्हतं. आणि प्रभूने आधी आपले हात त्याच्यापुढे केले, 'विश्वास ठेव' हे नंतर सांगितलं.

आपल्या नगरकरांना तर घरचा दाखला आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा ख्रिस्ती बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत ताटातूट झाली, पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंनी आपलं सोवळं सांभाळलं. त्यांच्या मनाने घेतलं तेव्हाच त्या आल्या. एवढा धीर आपल्यात आहे का?

मी वचनं पाठवणं थांबवलं. चर्चमधलं काय आठवतं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "बाबांची पेटी." आमचे हे टिळकांची भजनं पेटीवर फार गोड वाजवायचे. दिवाळीच्या सुट्टीत तो आला, पेटीवरची चादर काढली आणि वाजवत बसला. एक पट्टी दबलेलीच राहत होती, ती बोटाने वर उचलत होता. मग मान खाली घालूनच विचारलं, "आई, तुला देवाचा राग नाही आला?" मी म्हटलं, "आला. अजून येतो. पण मी त्याच्याशी बोलणं सोडलेलं नाही." रात्री दोनपर्यंत आम्ही बोलत होतो.

पाळकसाहेबांना माझी कळकळीची विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी ठेवा. प्रवचन नको, हजेरी नको. त्यांना हवं ते विचारू द्या, आणि उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. ती येत नसतील तर पुण्याला त्यांच्या खोलीवर जा, सोबत घरचा डबा न्या. आणि घरात मरण झालेल्या पोराला त्याच्या विश्वासाचं माप कुणी सांगू नये, हे मंडळीला एकदा व्यासपीठावरून बजावा.

मुलगा अजून चर्चला येत नाही. पुढच्या महिन्यात दोन मित्रांना घेऊन घरी येतो आहे, भजनाला बसू म्हणाला. मी पेटी दुरुस्तीला टाकली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नगर