वारा वाजवतो ते कोबिझ

महोदय,
ध्वनिकला म्हटले की स्पीकर, संगणक आणि अंधारी खोली डोळ्यांसमोर येते. कझाकस्तानात सिर दर्याच्या खोऱ्यात १९८० साली उभारलेल्या ‘कोरकुट आता’ या दंतकथेतल्या वादकाच्या स्मारकाला वीजही लागत नाही. चार उंच स्तंभ, त्यांत धातूच्या नळ्या. माळावरचा वारा शिरला की कोबिझसारखा सूर घुमतो. कोबिझ म्हणजे घोड्याच्या केसांच्या तारांचे, गजाने वाजणारे वाद्य (आपल्या सारंगीचे लांबचे भावंडच म्हणा), आणि दंतकथेनुसार कोरकुट त्याचे जनक. नव्या कलाकारांकडे तिथल्याच अल्तिन-एमेल राष्ट्रीय उद्यानातली गुणगुणणारी वाळूची टेकडीही आहे. फक्त तिच्यावर इफेक्ट चढवण्याआधी ती एकदा तशीच, नुसती ऐकवावी.

– एक श्रोता, पुणे