सक्तीच्या लष्करी शिक्षणाची मागणी करणाऱ्यांसाठी

महोदय,

'सगळ्या पोरांना दोन वर्षं सक्तीनं मिलिटरीत धाडा, म्हणजे सरळ होतील,' अशा अर्थाची पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. ती वाचून पूर्वी मीही मान डोलवायचे. सहा महिन्यांपूर्वी माझाच मुलगा सक्तीनं गेला.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, सोळा वर्षं सिंगापुरात आहोत. इथे १९६७ पासून कायदा आहे. नागरिकांच्या, आणि आमच्यासारख्या कायम रहिवाशांच्याही, मुलांना अठरा झाली की बोलावणं येतं. सुरुवातीचं शिक्षण तेकाँग बेटावर. पहिल्या दिवशी आईवडिलांनाही चांगीहून बोटीनं तिकडे नेतात, बराकी दाखवतात, मुलासोबत जेवायला घालतात. मुलं शपथ घेतात आणि आपण परत बोटीत बसतो. पुढचे साधारण दोन आठवडे घर नाही. रात्री थोडा वेळ फोन, तेवढाच.

चौथ्या रात्री तो म्हणाला, "आई, झोपच लागत नाही गं." मी काय म्हणावं? "अरे, सगळेच करतात, जरा सहन कर. आजोबांनी तर पासष्टची लढाई पाहिली." त्यानंतर रोज रात्री एकच उत्तर यायचं: "बरं आहे." मला वाटलं, रुळला.

पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा चेहरा उतरलेला. पहाटे साडेपाचला उठून चादरीची घडी घालून पलंगावर ताठ बसलेला. हळूहळू बोलला. पोटात सतत गोळा यायचा, मोजे चढवताना हात थरथरायचे. पण डॉक्टरकडे जायचं नाही, कारण तिथल्या पोरांचा एक शब्द आहे, 'केंग'. म्हणजे कामचुकार, आजाराचं सोंग करणारा. पाय मुरगळला तर सूज तरी दाखवता येते. झोप उडाली हे कसं दाखवणार?

शेवटी ते ओळखलं त्याच्या सार्जंटनं. तोही सक्तीनंच आलेला, जेमतेम वीस वर्षांचा पोरगा. रात्री शेजारी येऊन बसला, त्यालाही सुरुवातीला असंच झालं होतं म्हणाला, आणि समुपदेशकाकडे घेऊन गेला. तशी माणसं इथल्या सैन्यात नेमलेली असतात. जे मला आईला कळलं नाही ते त्या पोराला कळलं, याची लाज वाटते.

इथली मुलं निदान 'आम्हाला यायचंच नव्हतं' असं म्हणू शकतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं पहाटे रस्त्यावर धावून जो भरती झाला, ज्याच्या नावानं गावात पेढे वाटले, तो 'झोप लागत नाही' हे घरी कोणत्या तोंडानं सांगणार? सक्तीची मागणी करणाऱ्यांनी पत्रात एवढं जरूर लिहावं, की रात्री त्या मुलांशेजारी येऊन बसणार कोण.

माझं नाव कृपया छापू नये. मुलाचं अजून दीड वर्ष बाकी आहे आणि बराकीत तो शब्द अजून चालतो.

– एक आई, सिंगापूर