मरण पावलेले इंजिन परत कुठून आणू? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु.

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्या खात्याच्या एका कार्यालयाने गेल्या आठवड्यात माझ्या १९६८ च्या ॲम्बेसेडर मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले आणि ‘मूळ इंजिन बसवून वाहन पुन्हा सादर करावे’ असा शेरा मारून सगळे कागद परत केले. निकामी झालेले मूळ इंजिन काढून त्याच कंपनीने विकलेले दुसरे बसवण्यापूर्वी मी त्याच कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी तो वाचून ‘कंपनी एकच आहे, बसवून आणा, आरसीत नोंद करून देऊ’ असे सांगितले, मात्र अर्जाची पोच देण्याचे टाळले. आता त्यांची बदली झाली आहे आणि त्यांच्या खुर्चीवर आलेले साहेब म्हणतात की तोंडी आश्वासनाला खाते बांधील नसते. नागरिकाने मात्र खात्याच्या तोंडी आदेशावर खिसा रिकामा करायचा, असा याचा अर्थ मी घेतो.

ही गाडी वडिलांनी घेतली तेव्हा आपल्या राज्याचे नाव म्हैसूर होते आणि तिच्या नोंदणी पुस्तकावर आजही तेच छापलेले आहे. तिचे मूळ इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले, १,४८९ सीसीचे. मी उमेदीची सारी वर्षे बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये सिलिंडर ब्लॉक बोअर करण्यात, म्हणजे इंजिनातली झिजलेली सिलिंडरे आतून कातून मोठी करण्यात, घालवली आहेत, त्यामुळे इंजिन केव्हा संपले हे मला कोणा इन्स्पेक्टरने शिकवण्याची गरज नाही. हा ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त मापापर्यंत, बोअर झाला, मग त्यात स्लीव्ह म्हणजे आतल्या नळ्या घातल्या, आणि अखेर थंड पाणी खेळवणाऱ्या वॉटर जॅकेटला तडा गेला. वेल्डिंग करून पाहिले, परंतु बिडाचे वेल्डिंग इंजिन तापले की पुन्हा उकलते.

यात सरकारचाही वाटा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. निर्णय योग्यच होता, शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. परंतु त्या काळच्या इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, व्हॉल्व्हची बैठक थेट बिडात कापलेली असे आणि पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर तिला झिजण्यापासून वाचवत असे. तो थर गेला की धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीत रुतत जातो, टॅपेटची फट बुजते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरते. त्यानंतर आले इथेनॉल. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असते. ते हवेतले पाणी ओढून घेते, जुन्या रबराचे होज मऊ पाडते आणि कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर आतून खाते. आमच्याच जिल्ह्यातला ऊस आमच्याच कारखान्यांत गाळून हे इथेनॉल निघते आणि त्यातून शेतकऱ्याच्या घरी चार पैसे जात असतील, तर माझी तक्रार नाही. होज आणि पंपाचा डायफ्रॅम मी बदललेही. ब्लॉक कुठून बदलणार? ॲम्बेसेडर बनवणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सचा पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला.

म्हणून मी गाडीत १,८१७ सीसीचे इसुझू या जपानी बनावटीचे पेट्रोल इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा बॉक्स बसवला. हा काही माझ्या डोक्यातून निघालेला अघोरी प्रयोग नव्हे. हिंदुस्थान मोटर्सने १९९० च्या दशकात हेच इंजिन याच ॲम्बेसेडरच्या बॉडीत बसवून देशभर विकले, आणि तशा गाड्यांची नोंदणी आपल्याच खात्याने केली. जुन्या इंजिनाची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती होती, याची सुमारे ७५. ताकद वाढली म्हणून पुढचे ड्रम ब्रेक काढून नंतरच्या ॲम्बेसेडरचे डिस्क ब्रेक आणि बूस्टर घातले. कामाचे पैसे माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून गेले. तपासणीच्या दिवशी साहेबांनी बॉनेट उघडून फक्त इंजिन क्रमांक पाहिला आणि तो जुळत नाही म्हणून बॉनेट बंद केले. ब्रेककडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. गाडी थांबते की नाही, यात रस्त्यावरच्या माणसाचा जीव असतो, हे ज्या खात्याला सुचत नाही त्याला मी सुरक्षिततेचे खाते कसे म्हणावे?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मला आता पाठ झाले आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधिक ठामपणे सांगितले. त्यानंतर आलेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, ठेवली. ठीक आहे. परंतु त्याच कलमात सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचा मान्यताप्राप्त संच बसवण्याची मुभा आहे. म्हणजे माझ्या वडिलांच्या गाडीचे इंजिन काढून तिथे मोटर आणि बॅटऱ्या भरल्या तर मी कायद्याचा लाडका, आणि तिच्याच धाकट्या बहिणीचे इंजिन बसवले तर मी गुन्हेगार. हा केंद्राचा विषय आहे, असे आपले सचिव म्हणतील. मोटारगाड्या समवर्ती सूचीत येतात, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात, महोदय. शिवाय अनेक वाहतूक वाहने बाळगणाऱ्या मालकाला त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीविना बदलू देण्याचा अधिकार याच कलमाने राज्य सरकारला दिलेला आहे. ताफेवाल्यावर एवढा विश्वास आणि एका गाडीवाल्यावर एवढा संशय कशासाठी?

कोणी सुचवले की व्हिंटेज म्हणून नोंदवा. २०२१ च्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, ती माझी आहे. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि नंतर रोजच्या वापराला बंदी, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती. तेही पत्करले असते, परंतु तिथेही अट अशी की इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे माझी गाडी साधीही नाही आणि व्हिंटेजही नाही. ब्रिटनमध्ये वाहनाची मूळ ओळख ठरवण्यासाठी गुणांची पद्धत वापरली गेली, त्यात १४ पैकी चासीला पाच गुण आणि इंजिनाला केवळ एक होता. त्या गोऱ्यांनी बनवलेले इंजिन आम्ही इथे देवासारखे पुजायचे आणि त्यांनी मात्र त्याला एका गुणात काढायचे!

फीबद्दलही बोलू द्या. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये लागत, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि वीस वर्षांवरील गाडीला २०२५ मध्ये दहा हजार. एवढे पैसे घेताना खात्याला गाडी जुनी आहे हे अचूक कळते, जुन्या गाडीचे भाग झिजतात हे मात्र कळत नाही. माझ्या पत्नीचे गुडघे गेले आहेत आणि उंच बसची पायरी तिला चढवत नाही. लेक गडहिंग्लजला दिलेली आहे. पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, सीटला बुरशी आली आहे, आणि नातीच्या बारशाला आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे पत्र अपुरे राहील. इंजिन मी कोल्हापुरात घेतले, त्यामुळे बिल मराठीत आहे. कार्यालयाने त्याचे कन्नड भाषांतर मागितले, ते दिले, मग भाषांतर कोणी प्रमाणित केले असे विचारले. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने मला दिला आहे, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला तो दर खिडकीवर नव्याने मागावा लागतो. करभरणा करताना कोणी माझी भाषा विचारलेली नाही. दर हिवाळी अधिवेशनाला आपण सारे बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येता, रस्ते रातोरात गुळगुळीत होतात, आणि ताफे परतले की आमच्या तक्रारी पुन्हा बेंगळूरुच्या फायलीत जातात.

माझी मागणी अशी आहे. इंजिन त्याच उत्पादकाने त्याच मॉडेलमध्ये विकलेले असेल, तर तज्ज्ञांकडून ब्रेक, धूर आणि बसवणी तपासून त्याची नोंद करावी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे, तिथले प्राध्यापक एका दुपारी हे काम करतील. तसे करायचे नसेल, तर कोणत्या नियमाने माझा अर्ज नाकारला, ते कारणांसह लेखी कळवावे. उत्तर कन्नडमध्ये पाठवले तरी चालेल, मला वाचता येते. फक्त त्याखाली अधिकाऱ्याची सही, पद आणि तारीख असावी.

आपला,
एक वाहनमालक आणि करदाता,
शहापूर, बेळगाव