मामा, यंदाची काहील तुमच्यामुळे उतरली

आदरणीय मामांना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप गावी पोचलात, हे तुमच्या लेकीकडून, ताईंकडून कळलं. त्यांच्याकडेच निरोप देऊन आभार मानता आले असते, पण मला ते चार लोकांसमोर मानायचे आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला आमचा घरचा मेपल सिरपचा हंगाम यंदा अर्ध्यावर सुटला असता. तो शेवटाला गेला तो करवीर तालुक्यातून लेकीकडे आलेल्या एका गुळव्यामुळे, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरामुळे. हे लोकांना कळायला हवं असं मला फार वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमच्या घरामागे शुगर मेपलची बावीस झाडं आहेत. इकडे मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा असते आणि जुन्या रीतीने त्याच सुमाराला झाडांना तोट्या ठोकतात. खोडात दीड इंच खोल, करंगळीहून बारीक भोक पाडायचं, तोटी बसवायची आणि बादली टांगायची. रात्री पाणी गोठलं आणि दिवसा ऊन पडलं की झाड थेंब थेंब रस सोडतं. दिसायला तो साधं पाणीच. उसाच्या रसात शंभराला अठरा-वीस भाग गोडी असते, ह्यात जेमतेम दोन. म्हणून त्रेचाळीस लिटर आटवावे तेव्हा एक लिटर सिरप हाती येतं. आमच्या अठ्ठावीस तोट्यांचं हे सगळं काम आम्ही दोघं मिळून करतो. यंदा मार्चच्या मध्यावर भरलेल्या बादल्या आणताना हे बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. पिंपात रस साठत होता, आणि साठवलेला रस दुधासारखाच नासतो. मी नोकरी करून रात्री एकटी भट्टीवर बसत होते.

त्या शनिवारी ताई तुम्हाला ‘झाडाचा रस’ दाखवायला घेऊन आल्या. तुम्ही कानटोपी, वर मफलर आणि जावयाचे मोठे बूट अशा थाटात रस आटवायच्या आमच्या खोपटाच्या दारात उभे राहिलात. आत कढईवर फेस चढत होता आणि मी गडबडीत लाकडं ओढत होते. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच तुमचा आवाज आला, “पोरी, जाळ आवर. उतू चाललंय.” आणि लगेच, “गोडं तेल हाय का थेंबभर?” मी लोण्याचा खडा टाकला. फेस खाली बसला. तुम्ही मान हलवलीत, “आमच्याकडं शेंगतेल टाकत्यात. एकच हाय की!” मग मफलर काढून खुंटीला अडकवलात. घरी परत जायला ताईंना तुम्हाला तीनदा हाका माराव्या लागल्या.

मी नाशिकची. गुऱ्हाळ मी फक्त रस्त्यावरून, गाडीच्या काचेतून पाहिलेलं. चुलवण म्हणजे भट्टी, काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, मळी म्हणजे रसावर येणारा मळ, आधण म्हणजे एका वेळी उकळायला घातलेला रस, हे सगळे शब्द मला तुम्ही दिलेत. आमची दोन फूट बाय तीन फुटांची स्टीलची कढई तुमच्या लेखी ‘काहील’ झाली आणि आता ती आमच्याही घरात काहीलच आहे. मुलं इंग्रजी बोलतानासुद्धा काहीलच म्हणतात. सिरपचा पहिला चमचा तुम्ही जिभेवर ठेवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, “काकवी हाय ही. झाडाची काकवी.” सहा वर्षांची आमची मनू हे सिरप जन्मापासून खातेय, पण मराठीत त्याला नाव आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

ताई म्हणाल्या होत्या की तुम्ही इकडे आल्यापासून गप्प गप्प होतात, दिवसभर खिडकीशी बसायचात. तुमच्या भागातलं तुमचं गुऱ्हाळ बंद होऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर काहिलीजवळ उभे राहिला नव्हतात. मला हे आधी माहीत असतं तर तुम्हाला राबवायला मी संकोचले असते. बरं झालं माहीत नव्हतं. तीन आठवडे तुम्ही रोज दुपारी येत राहिलात. मी कामावरून परत येईपर्यंत बादल्या रिकाम्या झालेल्या असायच्या आणि लाकडं मनगटाएवढी फोडून रचलेली. “जाड लाकूड धुमसतं, बारीक लाकूड जळतं,” हे तुमचं. खरंच, तसा एकसारखा जाळ आमच्या भट्टीत आधी कधी लागला नव्हता.

पण सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते ९ एप्रिलच्या रात्रीचे. दोन दिवस ऊन चढलं होतं आणि पिंपात एकशे सत्तर लिटर रस होता. सकाळपर्यंत थांबलो असतो तर तो गेला असता. दुपारी चारला जाळ घातला. अंधार पडल्यावर मागच्या डबक्यात बेडूक ओरडायला लागले. नखाएवढे असतात, पण आवाजाने रान भरून टाकतात. हे बेडूक ओरडले की हंगामाची शेवटची धार आली, असं इथली जुनी माणसं म्हणतात. तुम्ही कान देऊन ऐकलंत. “आमच्याकडं बेडूक वराडला की पेरणीची घाई. तुमच्याकडं आवराआवर.” एवढं बोलून पुन्हा कढईकडे वळलात.

रात्री साडेबारानंतर रस दाट झाला. मी तापमापीकडे बघत होते. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर चार अंश चढलं की सिरप झालं, हा आमचा हिशेब. तुम्ही तिकडे पाहिलंही नाहीत. पळी बुडवून आडवी धरलीत. कडेवरून आधी सुटे थेंब पडले. थोड्या वेळाने पुन्हा धरलीत, तेव्हा दोन थेंब कडेवर रेंगाळले, एकमेकांना मिळाले आणि पापुद्र्यासारखे एकत्र सुटले. “उतरव.” मी तापमापी पाहिली. काटा नेमका खुणेवर होता. मामा, आयुष्यात कधीही मेपलचं झाड न पाहिलेल्या माणसाने ते सांगितलं होतं. मी तुमच्या पाया पडले ते तेव्हाच, आणि तुम्ही “आगं, गाळणं धर आधी” म्हणून मला उठवलंत.

लोकरीच्या गाळणीतून गरम गरम सिरप गाळलं. तीन लिटर भरलं, काळपट लाल, हंगामाच्या शेवटी होतं तसं. त्यातलं अर्धा लिटर तुम्ही मागून घेतलंत, छोट्या पातेल्यात पुन्हा चुलीवर चढवलंत. “आता ढेप बघू.” खोपटामागच्या सावलीत बर्फाचा एक ढीग तेवढा उरला होता. तुम्ही पळीभर पाक त्यावर सोडलात, बोटाने उचलून त्याची गोळी वळलीत. “अजून जरा.” दुसऱ्या खेपेला गोळी वाजली. इथे लोक असाच पाक बर्फावर ओतून काट्याने गुंडाळून खातात, सोबत आंबट काकडी. आपण तुमच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं घेतलं. रात्री दीड वाजता. मग पातेलं खाली घेऊन तुम्ही घोटत राहिलात, रंग फिरेपर्यंत, आणि तूप लावलेल्या वाटीत ओतलंत. साधारण चारशे ग्रॅमची ढेप झाली. पूर्वी ह्या मुलखात सिरपपेक्षा अशी घट्ट साखरच जास्त करत. ते मी वाचलं होतं, माझ्या खोपटात पाहिलं तुमच्यामुळे.

चार दिवसांनी पुन्हा रस आला. मला मोह झाला होता, अजून दोन लिटर तरी निघतील. तासभर उकळल्यावर तुम्ही वाफेत तोंड घातलंत आणि म्हणालात, “वास फिरला. थांब.” मला काही कळेना. मग मीही वाकले. कोबी शिजताना येतो तसा काहीतरी उग्र वास होता. झाडाच्या कळ्या फुगायला लागल्या की आतला रस बदलतो आणि सिरप बिघडतं. तसं झालं होतं. तुम्ही म्हणालात, “झाड आता सोताच्या पानासाठी रस करतंय. त्यो आपला न्हाई.” मी जाळ काढला. तेवढा रस आपण झाडांच्या बुंध्याशीच ओतला.

पुढचे दोन दिवस नुसती धुवाधुवी. दरवर्षी आम्ही हे काम कसंबसं उरकतो. दमलेलो असतो, बाटल्या भरल्या की संपलं असं वाटतं. तुम्ही अठ्ठावीस तोट्या एकेक करून गरम पाण्यात ब्रशने घासल्यात आणि पंच्यावर मांडून वाळवल्यात. काहिलीच्या बुडाला चिकटलेला पांढरट थर व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवला आणि लाकडी कालथ्याने काढला, तारेची घासणी मला हातात घेऊ दिली नाहीत. तोट्या काढलेल्या भोकांपाशी मात्र तुमचा जीव अडला. आंब्याची फांदी छाटली की मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतो, मग ही जखम अशी उघडी कशी ठेवायची? मी म्हटलं, मामा, हे झाड आतून स्वतःच भिंत घालतं, आपण काही भरायचं नसतं. तुम्हाला पटलं की नाही कोण जाणे. पण बावीसच्या बावीस झाडांपाशी जाऊन तुम्ही त्या भोकावर तळहात ठेवलात. मनू तुमच्यामागे फिरत होती. तिनेही ठेवला.

यंदा एकूण चोवीस लिटर सिरप झालं. ह्यांचं प्लास्टर निघालंय. ह्यांनी मला बजावून सांगितलंय की पत्रात माझाही नमस्कार लिही, आणि लिही की मामांनी फोडलेली लाकडं अजून दोन रांगा शिल्लक आहेत.

ढेपेचा अर्धा भाग तुमच्या सामानात दिला होता. विमानतळावर कुणी अडवलं नाही ना, ते कळवा. मामींना कशी वाटली, तेही. आमचा अर्धा भाग स्टीलच्या डब्यात आहे. मनू रोज रात्री गरम पोळीवर तूप घालून वर तो किसून मागते, आणि किसणी तिच्याच हातात द्यावी लागते. काल डबा उघडला तर सुपारीएवढा खडा उरला होता. तो तिने परत झाकून ठेवला. म्हणाली, हा आजोबांचा.

तुमची,
व्हरमाँटची पोरगी