दत्ताला पत्र: पोलिसांचेच कागद

न्यूयॉर्क

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पारधी वस्तीतल्या पोरांना चौकशीच्या नावाखाली उचलतात, दोन-दोन रात्री बसवून ठेवतात आणि कागदावर काहीच येत नाही, असं तू लिहिलंस. इथल्या लोकांनी पोलिसांना कोर्टात कसं हरवलं, हेही विचारलंस. पोलिसांच्याच कागदांनी हरवलं, दत्ता.

फेब्रुवारी १९९९. गिनीहून आलेला २३ वर्षांचा अमादू डायलो इथल्याच ब्राँक्स भागात स्वतःच्या घराच्या दारात उभा होता. साध्या वेशातल्या चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्याच्याकडे शस्त्र नव्हतं. पुढच्या वर्षी चौघेही निर्दोष सुटले. शहर पेटून उठलं होतं, पण मला त्यामागचं चिवट काम जास्त मोलाचं वाटतं. सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल राइट्स या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या वकिलांनी १९९९ सालीच, पोलीस रस्त्यात माणसं अडवतात त्याविरुद्ध, दावा लावला आणि २००३च्या तडजोडीत एक गोष्ट पदरात पाडून घेतली: रस्त्यात अडवलेल्या माणसांची आकडेवारी पोलिसांनी दर तिमाहीला त्यांना द्यायची.

माणूस अडवला की पोलीस एक फॉर्म भरत. छापील कारणांपुढे खूण करायची. त्यातलं एक कारण ‘संशयास्पद हालचाल’! पोलीस दिसल्यावर ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याची कुठली हालचाल साधी दिसणार? हात दिसतील असे ठेव, उलट बोलू नकोस, हे कृष्णवर्णीय घरांत पोरांना लहानपणीच शिकवतात. तुझ्या वस्तीतल्या आयाही हेच शिकवत असणार.

२००८ साली, असंच अडवल्या गेलेल्या डेव्हिड फ्लॉइड आणि इतरांनी नवा दावा लावला, तेव्हा हेच फॉर्म कामी आले. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा माणसं अडवली गेली. त्यात ८३ टक्के वेळा कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे. शहराच्या लोकसंख्येत हे दोन्ही मिळून निम्म्याच्या आसपास. ८८ टक्के वेळा ना अटक, ना समन्स. अंगझडतीत शस्त्र सापडलं ते जेमतेम दीड टक्का वेळा. गुन्हेगारांत जे जास्त, तेच जास्त अडवले जाणार, असं शहराचं म्हणणं. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ते मानलं नाही. अडवलेले बहुतेक सगळे निर्दोषच निघतात, मग त्यांना गुन्हेगारांच्या मापाने का मोजायचं? १२ ऑगस्ट २०१३ला त्यांनी ही पद्धत घटनाविरोधी ठरवली.

अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ला गेला, पण ते माप आपल्याकडे अजून गेलेलं नाही. शिवाय तुमच्याकडे फॉर्मच नाही. म्हणून आधी कागद तयार करा, भरपाईचा दावा मागाहून लावा. पोरगं नेलं की त्याच रात्री लेखी अर्ज, अधीक्षकांना प्रत आणि पोच हातात. अटक करताना पोलिसांनी काय पाळायचं हे सुप्रीम कोर्टाने ज्यात सांगितलंय, त्या डी. के. बसू खटल्याच्या निकालाची प्रत सोबत जोडा. स्टेशन डायरीतल्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागा. नकार आला तरी तो लेखी येईल, आणि तो जपून ठेवा.

फ्लॉइड निकालातले महत्त्वाचे भाग मी मराठीत करायला घेतलेत. झाले की धाडतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन