हरणाऱ्या संघातले बावीस गुण

सातारा

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू बास्केटबॉलच्या निवड चाचणीतल्या त्या गृहस्थांचे वाक्य दोनदा सांगितलेस, तेव्हाच ते तुला किती लागले आहे हे कळले. ‘सरासरी चांगली आहे, पण हरणाऱ्या संघात कुणीतरी गुण करणारच.’ तेव्हा मी त्यांनाच दोन शब्द सुनावून मोकळा झालो. रात्री मात्र वही काढून बसलो आणि त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे असे मला वाटू लागले. कोणते अर्धे, हे फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र.

एक हिशेब आधी मांडतो. बास्केट पडली की चेंडू समोरच्यांना मिळतो, शॉट चुकला तरी बहुधा त्यांच्याकडेच जातो. त्यामुळे जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या संघाच्या हाती चेंडू जवळजवळ सारख्याच वेळा येतो. हरल्यामुळे कुणाला जादा चेंडू मिळत नाही, फरक पडतो तो वाटणीत. तयारीच्या संघात चेंडू चार-पाच जाणत्या हातांत फिरतो. दुबळ्या संघात ज्याला थोडेफार जमते त्याच्याकडेच तो परतून येतो, आणि त्याचे दहा शॉट चुकले तरी प्रशिक्षक त्याला बसवत नाहीत, कारण त्याच्या जागी आणायचे कुणाला?

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे मायकेल कार्टर-विल्यम्स. २०१३-१४ च्या हंगामात फिलाडेल्फियाच्या संघाने ८२ पैकी ६३ सामने गमावले, त्यांतले २६ तर ओळीने. त्याच संघातला हा नवखा मुलगा सरासरी १६.७ गुण, ६.२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ६.३ असिस्ट (साथीदाराची बास्केट पडली असे पास) करून वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. आकडे खोटे नव्हते. पण तो संघ साऱ्या लीगमध्ये सर्वांत वेगाने खेळत असे, म्हणून मोजायला प्रसंगच जास्त मिळत, आणि त्याचे मैदानी शॉट शंभरातले जेमतेम चाळीस पडत, तीन गुणांचे तर सव्वीसच्या आसपास. दुसऱ्याच हंगामात, २०१५ च्या फेब्रुवारीत, संघाने त्याला मिल्वॉकीकडे देऊन टाकले आणि पुढे कुठल्याही संघात त्याला १६.७ ची सरासरी पुन्हा गाठता आली नाही. तुझ्या त्या गृहस्थांच्या मनात असाच कुणी खेळाडू असणार.

पण त्यांना डेव्हिन बुकर आठवला नाही. २४ मार्च २०१७ रोजी विसाव्या वर्षी त्याने बॉस्टनमध्ये ७० गुण केले आणि फिनिक्सचा संघ १३० विरुद्ध १२० असा हरला. शेवटी चेंडू परत मिळावा म्हणून त्याच्या साथीदारांनी मुद्दाम फाउल केले, प्रशिक्षकांनी टाइमआउट घेतले. सामना हातचा गेलेला असताना हे आकड्यांचे लाड कशासाठी, असे बॉस्टनच्या खेळाडूंना वाटले. त्यांचा राग मला समजतो. तरीही त्या रात्री ४० शॉटपैकी २१ आणि २६ फ्री थ्रोपैकी (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) २४ पडले होते, आणि हे कुणाच्या लाडाने होत नाही. पुढे २०१८-१९ मध्ये संघ ६३ सामने हरला तेव्हा त्याची सरासरी २६.६ होती. २०२०-२१ मध्ये ख्रिस पॉलसारखा अनुभवी खेळाडू संघात आला, संघाने ७२ पैकी ५१ सामने जिंकले आणि थेट अंतिम फेरी गाठली, त्या हंगामात बुकरची सरासरी २५.६. म्हणजे संघ पार बदलला आणि फरक पडला तो एका गुणाचा.

केविन लव्हची गोष्ट या दोघांच्या मधली आहे. मिनेसोटात २०१३-१४ मध्ये त्याची सरासरी २६.१ गुण आणि १२.५ रिबाउंड होती. लेब्रॉन जेम्सच्या शेजारी क्लीव्हलँडमध्ये गेल्यावर पहिल्याच हंगामात ती १६.४ आणि ९.७ वर आली. त्याचा खेळ उतरला म्हणावे तर २०१६ चे विजेतेपद त्याच संघाने मिळवले. निर्णायक सातव्या सामन्यात त्याचे गुण फक्त ९ होते, रिबाउंड १४. शेवटच्या मिनिटात त्याने एकट्याने समोरच्या संघातल्या स्टीफन करीला रोखून धरले, ते गुणतक्त्यात कुठेही लिहिलेले सापडत नाही.

आता तू २२ गुण केलेस तो तुझा हरलेला सामना. मी इतकी वर्षे जिल्ह्याच्या सामन्यांत स्कोअररच्या टेबलावर बसलो. त्या कागदावर बास्केट पडली की आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा क्रमांक, तीन गुणांची असेल तर क्रमांकाभोवती वर्तुळ, फ्री थ्रोला भरीव ठिपका. न पडलेल्या मैदानी शॉटला मात्र त्या कागदावर जागाच नाही. असिस्टला नाही, रिबाउंडलाही नाही. म्हणून निवड करणाऱ्यांपुढे तुझे जे २२ गुण गेले, ते छेदाशिवायच्या अंशासारखे होते.

छेद माझ्या वहीत आहे. त्या दिवशी मी वरच्या पायरीवर बसून तुझा प्रत्येक शॉट टिपला. ३१ शॉट, पडले ९: आठ दोनचे, एक तीनचा, वर तीन फ्री थ्रो. त्यांतले ९ गुण शेवटच्या क्वार्टरमधले, जेव्हा समोरच्यांनी पहिल्या पाचही मुली बसवल्या होत्या आणि तुला अडवायला धड कुणी येत नव्हते. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये २४ पैकी ६. हे वाचून तुला माझा राग येईल, येऊ दे.

पण त्याच पानावर खाली आणखी एक ओळ आहे. तुझ्या ११ पासांवर मोकळ्या उभ्या असलेल्या मुलींनी शॉट घेतले आणि त्यांतले ३ पडले. चांगल्या संघात त्याच पासांचे सहा-सात असिस्ट झाले असते. समोरच्यांचे शॉट पडतच होते, तेव्हा बचावातले रिबाउंड तुला मिळणार कुठून? हरणाऱ्या संघात गुण फुगतात हे खरे, पण असिस्ट सुकतात आणि शॉटची टक्केवारीही घसरते, कारण समोरच्या दोघी-दोघी फक्त तुझ्यावर असतात. ते गृहस्थ यातले पहिलेच बोलले. त्या ३१ पैकी निदान १० शॉट तू दोन मुली अंगावर असताना घेतलेस. त्यांतले किती नाइलाजाचे आणि किती हट्टाचे, हे मला पायरीवरून दिसले नाही. ते तूच सांगू शकशील.

वहीच्या त्या पानाचा फोटो आई आज रात्री पाठवील. प्रत्येक चुकलेल्या शॉटपुढे ‘ना’ किंवा ‘ह’ लिही आणि रविवारच्या सामन्याआधी मला परत पाठव. मी सकाळच्या एसटीने निघतो आहे. या खेपेस जमल्यास बास्केटच्या मागच्या बाजूला बसेन, तिथून पास जास्त नीट दिसतात.

तुझा,
बाबा