गाईडच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर हवाच

मा. संपादक, स.न.वि.वि.

डिसेंबरात तारकर्लीला सगळ्यांनी स्कूबा केलं, मासे बघून पोरगी तर वर यायलाच तयार नव्हती. पण सिलिंडरमधली उरलेली हवा दाखवणाऱ्या माझ्या प्रेशर गेजची काच आतून धुरकट झालेली, काटा धड दिसेना, विचारलं तर गाईड म्हणाला "काय होवचा नाय, मी आसंय मां". पोरगा भला होता हो, पण हे बरोबर नाही.

आता सिलिंडरला छोटा ट्रान्समीटर लावला की उरलेली हवा थेट मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर दिसते, खोली आणि वेळही दिसते आणि भराभर वर यायला लागलं तर तो वाजतो. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, वर येताना तो तसाच उतरतो आणि छातीतली हवा फुगते, म्हणून घाईत वर येणं फुफ्फुसांना महागात पडतं. कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी 1943 मध्ये अ‍ॅक्वालंग, म्हणजे सिलिंडरमधून लागेल तशी हवा देणारं उपकरण, बनवलं, श्वास घ्यायची पद्धत अजून बहुतेक तीच आहे, सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे रीब्रीदर स्वस्त होतील तेव्हा होतील, पण गाईडच्या हातात कॉम्प्युटर आजच हवा. किंमत त्या पोरांना झेपत नाही, तर पर्यटन खात्याने हप्त्याने मिळवून द्यावा. आणि पर्यटकांनो, सिलिंडरच्या खांद्यावर त्याच्या दाबाच्या टेस्टची तारीख ठोकलेली असते, उडी मारायच्या आधी ती बघा.

– एक वाचक, कोल्हापूर